फोटो मिळाला, पण काळवीट पळालं: वन्यजीव फोटोग्राफीत 'नैतिक' म्हणजे नेमकं काय?

तुमच्या फीडवर काळविटाचे दोन फोटो एकापाठोपाठ आले आहेत, असं समजा. पहिल्यात पिळदार शिंगांचा नर हवेत झेपावलाय, चारही पाय जमिनीपासून वर, मागे धुळीचा लोट. दुसऱ्यात तसाच एक नर सकाळच्या कोवळ्या उन्हात मान खाली घालून चरतोय. जास्त लाइक्स कोणाला मिळतील, हे वेगळं सांगायला नको.

पण पहिल्या फोटोतला नर पळत का होता? त्याच्या मागे लांडगा होता, दुसऱ्या नराशी त्याची झुंज सुरू होती, की फोटो काढणाऱ्याची गाडीच त्याच्या मागे होती? फोटोत याचं उत्तर बहुतेक वेळा दिसत नाही. वन्यजीव फोटोग्राफीतल्या नैतिकतेची सगळी चर्चा या न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा प्रश्न समजून घ्यायला अगदी योग्य आहे. कर्जतच्या माळरानावर काळविटं, प्रवरेच्या काठच्या उसात बिबटे आणि भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे, असं तिन्ही प्रकारचं वन्यजीवन या एकाच जिल्ह्यात आहे. तिन्ही ठिकाणी कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांची गर्दी होते आणि तिन्ही ठिकाणी चूक करण्याची पद्धत वेगळी आहे.

साधा नियम काय?

वेगवेगळ्या संस्थांच्या नियमावल्या लांबलचक असतात. पण त्यांचं सार एका वाक्यात सांगता येतं: फोटोग्राफर तिथे नसता तर प्राण्याने जे केलं असतं, तेच त्याने फोटोग्राफर असतानाही करत राहायला हवं.

चरणारं काळवीट चरत राहिलं पाहिजे. अंड्यांवर बसलेली टिटवी बसून राहिली पाहिजे. लुकलुकणारा काजवा लुकलुकत राहिला पाहिजे. तुमच्यामुळे त्यांनी हे थांबवलं, तर फोटो कितीही सुंदर आला तरी त्याची किंमत प्राण्याने मोजलेली असते.

या नियमातून दोन गोष्टी आपोआप येतात. पहिली म्हणजे नैसर्गिक प्रकाश, कारण फ्लॅश किंवा टॉर्च म्हणजे प्राण्याच्या जगात केलेली ढवळाढवळ. दुसरी म्हणजे धीर, कारण प्राण्याला हलवायचं नसेल तर तो स्वतःहून हलेपर्यंत थांबावं लागतं.

रेहेकुरी: उजेडाची वाट बघण्याची शाळा

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० मध्ये घोषित झालं. त्याचं क्षेत्रफळ फक्त २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत गवताळ माळ, बाभळी आणि काळविटांचे कळप आहेत. काळविटांना अभयारण्याची हद्द अर्थातच माहीत नसते, ती आजूबाजूच्या शेतांतही चरायला जातात.

काळविटाचा फोटो काढणं तांत्रिकदृष्ट्या अवघड असतं, त्याचं कारण त्याच्या रंगात आहे. प्रौढ नराची पाठ गडद तपकिरी ते काळी, तर पोट आणि डोळ्यांभोवतीचा भाग पांढराशुभ्र. भर दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. पाठ नीट दिसावी म्हणून सेटिंग केलं तर पोट पांढरंफट्ट होतं, आणि पोट सांभाळलं तर पाठीचा नुसता काळा डाग उरतो. त्यात तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिलं की ही थरथर चित्र धूसर करते. लेन्स कितीही महाग असली तरी यावर इलाज नाही.

सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा साधारण एक तास मात्र वेगळा असतो. ऊन तिरकं आणि मऊ असतं. काळ्या पाठीवरचे केस दिसतात आणि पांढऱ्या पोटाचा तपशीलही टिकतो. सूर्य प्राण्याच्या मागे असेल तर शिंगांच्या आणि पाठीच्या कडेला सोनेरी रेघ उमटते.

यात एक सोयीची गोष्टही आहे. काळविटं प्रामुख्याने सकाळी आणि संध्याकाळी चरतात, दुपारी सावलीत बसून रवंथ करतात. म्हणजे उजेड चांगला असतो तेव्हाच प्राणीही आपणहून हालचाल करत असतात. दुपारी पोहोचून बसलेल्या कळपाला उठवण्यापेक्षा पहाटे पोहोचून त्याच्या उठण्याची वाट बघणं फोटोसाठीही फायद्याचं ठरतं.

उजेड कमी पडला तर फ्लॅशऐवजी आयएसओ वाढवा. आजच्या कॅमेऱ्यांत आणि सॉफ्टवेअरमध्ये फोटोतले दाणे कमी करण्याची सोय असते. चालणाऱ्या काळविटासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग आणि पळणाऱ्यासाठी हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर ही सुरुवात पुरेशी आहे.

'धीर धरा' म्हणजे नक्की काय करा?

काळविटाचा मुख्य भरवसा नजरेवर असतो. उघड्या माळावर उभा माणूस त्याला फार लांबून दिसतो. त्यामुळे त्याच्याकडे सरळ चालत गेलं की कळप तेवढाच लांब सरकतो. अनुभवी फोटोग्राफर उलट करतात. परवानगी असलेल्या वाटेवर, कळप ज्या दिशेने चरत येतोय तिथे आधीच जाऊन खाली बसतात आणि हालचाल थांबवतात. अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही. मग कळप आपल्या गतीने जवळ येतो किंवा येत नाही. दोन्ही शक्यता मान्य करणं, हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

आपण फार जवळ आलोय का, हे प्राणी स्वतःच सांगतो. एखाद्याने चरणं थांबवून मान वर केली, तर तो तुम्हाला तपासतोय. एकाच वेळी अनेकांनी माना वर केल्या आणि कान तुमच्याकडे वळवले, तर तुम्ही मर्यादेवर आहात. एखादी मादी उंच उसळी घेऊ लागली, तर मर्यादा ओलांडून झाली आहे. पहिल्या इशाऱ्यालाच थांबलं तर बऱ्याचदा माना पुन्हा खाली जातात. तेव्हा सावकाश मागे सरकणं हाही एक पर्याय असतो, तो अपयश नसतो.

कळप शेतात असेल तर आणखी एका व्यक्तीची परवानगी लागते, ती म्हणजे शेतमालकाची. ज्वारी-हरभऱ्याचं नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात फोटोसाठी घुसणं हे प्राण्यांसाठीही वाईटच. त्या शेतकऱ्याचा वन्यजीवांबद्दलचा उरलासुरला संयम अशा वागण्यानेच संपतो.

थोडं पळवलं तर काय बिघडतं?

काळवीट हा जगातल्या सर्वांत वेगवान प्राण्यांपैकी एक. ते ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतं. 'ते पळण्यासाठीच बनलंय, थोडं पळालं तर काय?' असा युक्तिवाद त्यामुळे नेहमी ऐकू येतो.

पण हा वेग लांडग्यापासून जीव वाचवण्यासाठी आहे. उन्हाळ्यात पाणी आणि चारा दोन्ही कमी असताना वाया गेलेली ताकद भरून निघायला वेळ लागतो. घाबरलेला कळप कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. तो रस्त्यावर येऊ शकतो, तारेच्या कुंपणात अडकू शकतो, कठडा नसलेल्या विहिरीत पडू शकतो. माजाच्या काळात नर आपापली जागा राखून उभे असतात. अशा नराला हुसकावलं तर ती जागा दुसरा घेऊ शकतो.

पाडसांचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. जन्मानंतरचे पहिले काही दिवस काळविटाचं पाडस गवतात निपचित पडून राहतं. आई थोड्या अंतरावर चरते आणि दूध पाजायला परत येते. लपून राहणं हेच त्या पाडसाचं संरक्षण असतं. एकटं दिसलं म्हणून ते अनाथ नसतं. भोवती माणसं जमली तर आई जवळ येत नाही, आणि आपल्या वर्दळीमुळे भटक्या कुत्र्यांना त्याचा माग लागू शकतो. असं पाडस दिसलं तर हात न लावता, फोटोसाठी न थांबता तिथून निघून जायचं. ते खरोखर जखमी असेल तर वन विभागाला कळवायचं. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

घरट्याचा फोटो का नको?

माळरानावरचे कितीतरी पक्षी घरटं झाडावर बांधत नाहीत. टिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. पक्षी अंड्यांवर बसतो तो फक्त ऊब देण्यासाठी, असा आपला समज असतो. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी अंड्यांवर उभी राहते ती सावली देण्यासाठी. तापलेल्या जमिनीवर अंडी थोडा वेळ उघडी पडली तरी आतला जीव मरू शकतो. म्हणजे 'दहाच मिनिटं' चाललेलं फोटोसेशन पूर्ण घरटं संपवू शकतं, आणि फोटो काढणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हाही असाच प्रकार. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसलाय. तो खाणं-पाजणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो.

या परिसराला माळढोकाचा इतिहास आहे. १९७९ मध्ये घोषित झालेलं माळढोक अभयारण्य सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं होतं. कर्जत आणि श्रीगोंद्याचा भाग त्यात होता. आज हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालाय आणि देशभरात जंगलात उरलेल्यांची संख्या दीडशेच्या आत आहे. माळढोकाची मादी सहसा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळढोक संपत आला तो प्रामुख्याने शिकार, गवताळ माळांचा नाश आणि विजेच्या तारा यांमुळे. पण संख्या इतकी कमी झाली की एकेका अंड्यालाही मोल येतं.

उसातला बिबट्या आणि मोबाइलची गर्दी

अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत बिबट्या हा काही दुर्मीळ पाहुणा नाही. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० माणसं राहतात अशा शेतीच्या भागात त्यांना १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. आणि हे बिबटे लोकांच्या नजरेला फारसे पडत नव्हते.

याच जिल्ह्यातल्या एका बिबट्यावर तर सिनेमा निघाला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर परिसरात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात कॉलर बसवून माळशेज घाटात सोडण्यात आलं. तो तिथून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला, वाटेत कोणालाही इजा न करता. अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. माणसाला टाळून जगणं हीच बिबट्याची सवय आहे, हे त्याच्या प्रवासातून दिसलं.

ही सवय मोडते ती त्याला घेरल्यावर. विहिरीत किंवा घरात अडकलेल्या बिबट्याभोवती मोबाइल उंचावलेली गर्दी जमली, की त्याचे सुटकेचे रस्ते बंद होतात. बिथरलेला बिबट्या मग गर्दीतूनच वाट काढतो. माणसं जखमी होतात आणि दोष बिबट्याला लागतो. रात्री उसाच्या कडेने टॉर्च मारत गाडीतून बिबट्या शोधणं हाही याचाच छोटा अवतार. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की प्राणी काही क्षण गोंधळतो, आणि त्याच रस्त्यावर पुढे कोणी दुचाकीवरून येत असू शकतं.

ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा मोह सगळ्यात मोठा असतो. मांजरीच्या पिल्लाएवढा जीव, हातात घेऊन सेल्फी, आणि काही तासांत हजारो शेअर. वन विभागाचे कर्मचारी आणि वन्यजीव डॉक्टर मात्र अशा पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी ती सापडली त्याच जागी, क्रेट किंवा खोक्यात ठेवतात आणि लांबून कॅमेरा ट्रॅपने लक्ष ठेवतात. बऱ्याचदा अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेका पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. हे जमण्यासाठी एकच अट असते: परिसर शांत हवा. बघ्यांची गर्दी रात्रीपर्यंत राहिली तर मादी येत नाही. आईची भेट झालीच नाही, तर त्या पिल्लांच्या वाट्याला पिंजऱ्यातलं आयुष्य येऊ शकतं.

काजव्यांचा फोटो: इथे आपला उजेडच शत्रू

काळविटासाठी उजेडाची वाट बघायची, तर काजव्यांसाठी अंधाराची. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा, रतनवाडी, घाटघर परिसरातली झाडं काजव्यांनी लखलखतात. हा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

काजव्यांचा प्रकाश हा त्यांचा संवाद असतो. नर चमकून जोडीदार शोधतात, माद्या उत्तर देतात. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यात गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च आणि फ्लॅश पडले, की हा संवाद तुटतो. फ्लॅशने काजव्याचा फोटो येतही नाही. झाडाची पानं पांढरी दिसतात आणि काजव्यांचे ठिपके गायब होतात.

योग्य पद्धत अशी: संधिप्रकाश असतानाच पोहोचायचं. ट्रायपॉड लावून, झाडावर फोकस जुळवून तो लॉक करायचा. मग कॅमेऱ्याचा स्क्रीन बंद करून अंधार होऊ द्यायचा. मोठ्या छिद्राची लेन्स, १६०० ते ३२०० आयएसओ आणि २० ते ३० सेकंदांचं एक्स्पोजर एवढ्यावर काम होतं. मोबाइलचा नाइट मोड आणि छोटा ट्रायपॉडही चालतो. चालण्यासाठी दिवा लागलाच तर टॉर्चवर लाल कागद लावून, तो जमिनीकडे धरायचा. वाट सोडून गवतात शिरायचं नाही, कारण काजव्यांच्या अळ्या तिथेच मातीत आणि पालापाचोळ्यात वाढतात.

सोशल मीडियावर दिसणारे काजव्यांचे बरेचसे झगमगते फोटो एका क्षणाचे नसतात. अनेक मिनिटांत घेतलेल्या कित्येक फ्रेम एकावर एक रचून ते बनवलेले असतात. यात गैर काही नाही, फक्त कॅप्शनमध्ये तसं लिहायला हवं. नाहीतर तो फोटो बघून आलेला पर्यटक 'एवढे काजवे दिसतच नाहीत' म्हणत गाडी आणखी आत नेतो.

कायदा काय म्हणतो?

'आम्ही फक्त फोटो काढला, शिकार थोडीच केली?' हे वाक्य कायद्यासमोर टिकेलच असं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणं, त्याचा पाठलाग करणं, आमिष दाखवणं, तसंच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही त्या व्याख्येत येतं. काळवीट, बिबट्या, लांडगा आणि माळढोक हे चारही परिशिष्ट एकमध्ये आहेत. त्यांच्या शिकारीच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे.

अभयारण्यात प्राण्यांना त्रास देण्याला स्वतंत्र मनाई आहे. फोटोग्राफीसाठी प्रवेशाची परवानगी मिळते, पण २०२२ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट अट घातली आहे: अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देता. आडवी येणारी फांदी 'फ्रेम स्वच्छ करण्यासाठी' तोडणं हेही त्या अटीच्या विरुद्ध जातं.

पुरस्कारसुद्धा परत घेतले जातात

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही या क्षेत्रातली सर्वांत मानाची स्पर्धा. २००९ मध्ये कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला तिथे पहिलं बक्षीस मिळालं. तो लांडगा पाळीव आणि शिकवलेला असण्याची दाट शक्यता असल्याचं सांगत परीक्षकांनी २०१० च्या सुरुवातीला ते रद्द केलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. २०१७ मध्ये एका गटात विजेता ठरलेला मुंगीखाऊचा फोटोही पुढच्या वर्षी बाद झाला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. त्याही छायाचित्रकाराने हे अमान्य केलं. दोन्ही फोटो दिसायला उत्तमच होते. पण ते कसे मिळाले, यावर निकाल फिरला.

आणि जे फक्त स्क्रोल करतात, त्यांचं काय?

प्रत्येक जण कॅमेरा घेऊन माळावर जात नाही. पण कोणता फोटो पसरतो, हे बघणारेच ठरवतात. त्यामुळे शेअर करण्याआधी काही गोष्टी बघता येतात. सगळा कळप कॅमेऱ्याकडे टक लावून बघतोय का? पिल्लू माणसाच्या हातात आहे का? घरट्याभोवतीची पानं-फांद्या साफ केलेल्या दिसतात का? रात्रीचा प्राणी प्रखर पांढऱ्या झोतात गोठल्यासारखा उभा आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर शेअर करण्याआधी विचारायला हरकत नाही की हा फोटो कसा काढला.

स्वतः फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा. 'अहिल्यानगर जिल्हा' एवढं पुरेसं असतं. लांडग्याची गुहा, घुबडाची ढोली, बिबट्याची वाट यांचा नकाशा टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात, आणि त्यातल्या सगळ्याच फोटोग्राफर्सच्या नसतात. कॅप्शनमध्ये फोटो किती अंतरावरून, किती वेळ थांबून घेतला, हे लिहिलं तर नव्याने शिकणाऱ्यालाही कळतं की असा फोटो घाईने मिळत नाही.

रेहेकुरीच्या माळावर एखाद्या सकाळी तीन तास बसून एकही चांगला फोटो मिळत नाही, असंही होतं. कळप लांबूनच चरत निघून जातो. तरी त्या दिवशी कोणतंही पाडस आईपासून तुटलेलं नसतं आणि कोणतीही टिटवी अंड्यांवरून उठलेली नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जाता येतं, आणि कळप तिथेच असतो.